बंबाबाईला कुणी विचारलंच नव्हतं

बंबाबाई राहिली. ती गोरेगावला गेली नाही, तिचं लग्न झालं, तिने अंडं घातलं, आणि आमच्या सोसायटीतल्या सोळाही घरांना आज सकाळी आंघोळीला कढत पाणी मिळालं.

आता हे तुम्ही वाचलेलं नाही. प्रकरण विचाराधीन आहे, आणि विचाराधीन प्रकरणात अजून काहीच घडलेलं नसतं, असं शकुताईंचं म्हणणं आहे. शकुताई दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि एका सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात आहेत, तेव्हा त्यांना ठाऊक असणार. म्हणजे अंडं नाही, लग्न नाही, काही नाही. आपण पहिल्यापासून सुरू करू.

घाटकोपरच्या भटवाडीत, टेकडीच्या उतारावर, ‘सागरदर्शन’ नावाची आमची चार मजली सोसायटी. दर्शन टेकडीचं होतं. गच्चीवर पाण्याची टाकी आणि टाकीखाली ड्रॅगन. चौऱ्याऐंशी साली उपनगरात यात विशेष काही नव्हतं. मुलुंडला दोन बिल्डिंगींत मिळून एक असायचा, बोरिवलीला बैठ्या चाळींनासुद्धा होता, आणि अंधेरीवाले आपला ड्रॅगन फॉरेनचा असल्याचं सांगायचे. पण तोही खारदांड्याचे सुके बोंबीलच खायचा. ड्रॅगनने टाकीखाली सकाळ-संध्याकाळ फुंकर मारायची आणि सोसायटीने त्याला मासे नि रॉकेल द्यायचं, असा साधा व्यवहार. देखरेखीला अग्निप्राणी खातं होतं. ते फक्त पत्रं पाठवायचं.

ज्यांच्या बिल्डिंगीत कधी ड्रॅगन नव्हता त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ड्रॅगनला तीन पोटं असतात. पहिल्यात मासे जातात, दुसऱ्यात रॉकेल, तिसऱ्यात राग. पहिली दोन रोज रिकामी होतात. पंख असतात, पण टीव्हीच्या अँटेनांच्या जंगलात ते उघडायची सोय नाही, त्यामुळे बहुतेक ड्रॅगन जिना वापरतात. वर्षातून एकदा कात टाकतात आणि ती नेमकी कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरीवर टाकतात. मग कात कुठली नि चादर कुठली हे ठरवायला सोसायटीची सभा भरते. ड्रॅगनला सभेला बोलवत नाहीत. तो खोटं बोलत नाही आणि काही विसरत नाही. असा सभासद कुणाला परवडतो?

आमच्या ड्रॅगनचं खात्यातलं नाव ‘मादी क्र. ४१२’. आम्ही बंबाबाई म्हणायचो. तिला सांभाळायचे लवूतात्या.

लवूतात्या मूळचे मालवणकडचे, गिरणीत बॉयलरवर बावीस वर्षं. ब्याऐंशीचा संप लागला आणि गिरणी बंद पडली ती पडलीच. तात्या घरी बसले ते अक्षरशः बसले. खुर्चीत, भिंतीकडे तोंड करून. वर्षभर बोलले नाहीत. जेवायला हाक मारली तर यायचे, नाही मारली तर नाही यायचे. मग एका सकाळी बंबाबाई नीट पेटेना. नुसता धूर, पाणी थंडगार. सगळे गच्चीवर जमून एकमेकांना सल्ले देत होते. तात्या लुंगीवर वर आले, तिच्या छातीला कान लावला आणि वर्षातलं पहिलं वाक्य बोलले, “हिच्या नळ्येत काजळी आसा. बाजूक व्हा रे.”

त्या दिवसापासून तात्या गच्चीवर आणि बंबाबाई ठणठणीत. दोघंही दिवसभर बोलायचे. म्हणजे तात्या बोलायचे आणि ती योग्य ठिकाणी धूर सोडायची.

मी, माणिक, सोसायटीचा सेक्रेटरी. वय बावीस. मला टायपिंग येतं एवढ्या एका गुन्ह्यासाठी मला निवडून देण्यात आलं होतं. म्हणून नोव्हेंबरातलं ते पत्र माझ्याच हातात पडलं.

‘सात वर्षांत अंडे न दिलेली मादी अनुत्पादक समजणेत येत असून, मादी क्र. ४१२ ही पंधरा दिवसांचे आत गोरेगाव येथील स्टुडिओकडे वर्ग करणेत येईल.’

मी गच्चीवर जाऊन तात्यांना वाचून दाखवलं.

“स्टुडिओत?” तात्या म्हणाले. “थंय काय करतली ती?”

“पौराणिक सिनेमा आहे. तिला काम देणार आहेत.”

“ड्रॅगनाचा?”

“नाही. पर्वताचं. धूर निघणारा पर्वत.”

तात्यांनी बंबाबाईच्या मानेवर हात ठेवला. आणि तोंड कठड्याच्या भिंतीकडे वळवलं. मला ती भिंतीसमोरची खुर्ची आठवली.

“माणक्या,” ते म्हणाले, “बॉयलर एकदा थंड पडलो काय परत पेटणा नाय. माका ठावक आसा. माका इचार.”

त्या संध्याकाळी सभा भरली. पत्राच्या पाठीमागे बारीक अक्षरात नियम होते. ते शकुताईंनी चष्मा लावून वाचले आणि म्हणाल्या, “हे बघा, नियम सात. अंडं असलेली मादी हलवता येत नाही. पंधरा दिवसांत अंडं घालायला लावा तिला. विषय संपला.”

“अगं, अंडं काय दळण आहे का, सांगितलं की टाकलं?” तिसऱ्या मजल्यावरच्या रुक्मिणीकाकू म्हणाल्या. “नर कुठाय?”

नर नव्हताच. उपनगरातले सगळे नर दोन-तीन वर्षांत ट्रॉम्बेकडे निघून गेले होते. तिथे अणुभट्टीची ऊब चांगली मिळते अशी त्यांच्यात बातमी पसरली होती, आणि गेलेला एकही परत आला नव्हता. पोस्टकार्डसुद्धा नाही.

“नर लागना नाय,” तात्या मागून म्हणाले. सगळ्यांच्या माना मागे वळल्या. तात्या सभेत बोलतात हेच मोठं होतं. “अंडा तिच्या पोटात तयार आसता. वर्सानुवर्सां आसता. फकत कोणीतरी तिका इचारूक व्हया.”

“काय विचारायला?”

“लग्न करतंस काय.”

मग त्यांनी सांगितलं ते असं. गिरणीत बॉयलरशेजारी एक म्हातारा नर बांधलेला होता. त्याच्याकडून तात्या शिट्ट्यांची भाषा शिकले होते. ड्रॅगन आपसात शिट्ट्यांनीच बोलतात. एक शिट्टी म्हणजे ‘कोण आहे?’ दोन म्हणजे ‘मी आहे.’ तीन म्हणजे ‘जेवलीस का?’

“आणि चार?” मी विचारलं.

“चार म्हणजे लग्न.”

“आता शिट्टी कोण मारणार?” रुक्मिणीकाकूंनी विचारलं. “हवालदार आणायचा?”

“गे बाय, रोज तूच मारतंस,” तात्या म्हणाले. “अकरा वाजता. कुकराची. तुज्या कुकराक मी सात वर्सांमागे गिरणीतला वजन बसवन दिलंय मा, तेचो आवाज अगदी नरासारको. बाकी पंधरा कुकर वाजले तरी ही मान वर करणा नाय. तुजो वाजलो काय कान टवकारता.”

सभेतल्या प्रत्येकाच्या डोक्यात एकाच वेळी एकच हिशेब चालू झाला. वरण-भाताला शिट्ट्या किती? तीन. काकूंच्या घरात, रोज, सात वर्षं. तीन.

“म्हणजे सात वर्षं आपण तिला…” मी म्हणालो.

“रोज इचारतव, जेवलंस काय. आनि गप बसतव,” तात्या म्हणाले. “ती बिचारी रोज वाट बघता, आता फुडे कायतरी बोलतले.”

सभेत कुणालाच कुणाच्या डोळ्याला डोळा देता येईना. रुक्मिणीकाकूंनी पदराने नाक पुसलं. “आणि मी मेली गॅस वाचवायला तीनवर बंद करायची,” त्या म्हणाल्या.

ठराव झाला. अकरा वाजता फक्त रुक्मिणीकाकूंचा कुकर लागेल, बाकीच्यांनी भात टोपात करायचा. कारण एरवी ती बाकीच्यांकडे लक्ष देत नसली तरी, लग्नाचं एकाच वेळी अनेकांनी विचारलं तर मादीला ती छेडछाड वाटते आणि त्यावर तिची प्रतिक्रिया नैसर्गिक असते, असं तात्या म्हणाले. नैसर्गिक म्हणजे काय ते विचारायची गरज नव्हती. ‘भात गिचका होईल’ असा रुक्मिणीकाकूंच्या घरून एक आक्षेप आला. तो काकूंनीच फेटाळला.

पहिला मुहूर्त रविवारचा. अकरा वाजता मी गच्चीवर, तात्यांच्या शेजारी. खाली सगळी बिल्डिंग चिडीचूप. पहिली शिट्टी झाली. बंबाबाईने डोळा उघडला. दुसरी. तिने मान उचलली. तिसरी. तिने उसासा टाकला, सवयीने. आणि चौथी.

तुम्हाला सांगतो, बंबाबाई उभी राहिली. सात वर्षांत मी तिला पूर्ण उभी पाहिली नव्हती, टाकी हलली. मानेवरचे खवले बुडापासून शेंड्यापर्यंत तांब्यासारखे लाल झाले. तात्या पुटपुटले, “लाजता रे, लाजता.”

तेवढ्यात पाचवी शिट्टी झाली.

तात्यांनी कपाळाला हात लावला. “वाट लागली.”

“पाच म्हणजे काय?”

“‘मस्करी केली.’”

खाली झालं होतं असं की चौथी शिट्टी होताच रुक्मिणीकाकू आनंदाने गॅलरीत आल्या आणि शकुताईंना वरून म्हणाल्या, “झाली गं चौथी!” शकुताई म्हणाल्या, “गॅस बंद केलास ना?” काकू म्हणाल्या, “अगं बाई!”

बंबाबाईचं तिसरं पोट सात वर्षांत पहिल्यांदा उघडलं. माणसाला काही केलं नाही तिने, ती तशी नाही. पण गच्चीवरच्या अकरा अँटेना वितळून खाली लोंबायला लागल्या, आणि रविवारचा सिनेमा सबंध भटवाडीत फक्त आमच्याच बिल्डिंगीत दिसला नाही. मग ती टाकीकडे पाठ करून बसली. पाणी बंद. बोंबील बंद. तात्या बोलत राहिले, धूरसुद्धा नाही.

आठ दिवस गेले. आम्ही बर्फासारख्या पाण्याने आंघोळी करायचो आणि तिसऱ्या मजल्यावरून जाताना मुद्दाम मोठ्याने शिंकायचो. रुक्मिणीकाकू दाराआडून म्हणायच्या, “शिंका, शिंका. मी काय मुद्दाम केलं?” तात्या मात्र काही म्हणायचे नाहीत. ते बंबाबाईशेजारी स्टूल टाकून बसायचे. एके दिवशी मी पाहिलं, तर तीही भिंतीकडे तोंड करून बसलेली आणि तेही.

मी काकूंना जाऊन एवढंच सांगितलं. काकू त्याच पावली गच्चीवर गेल्या.

“तात्या, उठा. माफी मागायची कशी ते सांगा. कुकरने मागायची की मी?”

तात्यांनी वळून पाहिलं. “मागूची तर रीतीन मागूची,” ते म्हणाले. “गाऱ्हाणा घालूक व्हया.”

पंधरावा दिवस. संध्याकाळी चार वाजता निरीक्षक ट्रक घेऊन येणार होते. सकाळी दहाला सोळाही बिऱ्हाडं गच्चीवर उभी राहिली. तात्यांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. मध्यभागी पाटावर रुक्मिणीकाकूंचा कुकर, त्याला हळद-कुंकू. पुढे नारळ, विडा आणि अर्धा किलो सुके बोंबील. तात्यांनी हात जोडले आणि सुरू केलं.

“बाय म्हाराजा! आज ही सागरदर्शनची सोळा बिऱ्हाडां तुज्या पायाशी उभी आसत…”

“व्हय म्हाराजा!” आम्ही म्हणालो. घाटावरच्या शकुताईंना रीत नवीन होती, त्यांचा ‘व्हय’ एक क्षण उशिरा पडला, पण सगळ्यात खणखणीत.

“ह्या गरीब कुकराच्या तोंडातसून चुकान एक शिट्टी जास्त गेली आसात…”

“व्हय म्हाराजा!”

“तर ती चूक पोटात घे. पयल्या पोटात घे, तिसऱ्या घेव नको…”

“व्हय म्हाराजा!”

“आनि तेचा म्हणना काय आसा ता आज परत एकदा आयकून घे!”

“व्हय म्हाराजा!”

बंबाबाई ढिम्म. पण शेपटीचं टोक हळूच पुढे आलं आणि एक बोंबील मागे ओढून घेऊन गेलं. तात्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला.

अकरा वाजता कुकर खाली गॅसवर चढला. यावेळी बंदोबस्त चोख होता. काकूंनी पहिल्या शिट्टीआधी तोंडात पाण्याची चूळ धरली होती, म्हणजे बोलायचा प्रश्नच नको. एक हात गॅसच्या बटणावर. शकुताईंनी रजा टाकली होती आणि त्या बोटांवर मोजत समोर उभ्या. एक. दोन. तीन. चार. खट्.

गच्चीवर मी खाली कान लावून उभा. पाचवी आली नाही. पलीकडच्या गल्लीतली पिठाची चक्की ऐकू यायला लागली इतकी शांतता.

मग बंबाबाईने वळून आकाशाकडे तोंड केलं आणि एक लांब शिट्टी दिली. त्याचा अर्थ मला कुणी सांगितला नाही आणि मी विचारलाही नाही, कारण तात्या धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते.

पुढचा भाग ड्रॅगनांच्या लग्नविधीचा आहे. त्यांच्यात वधू वराला न्यायला येते. बंबाबाई जिन्याने तिसऱ्या मजल्यावर उतरली, रुक्मिणीकाकूंच्या दारात वाकली, मान लांब करून स्वयंपाकघरात घातली आणि कुकरचा दांडा अलगद दातात धरला. काकूंची चूळ अजून तोंडातच. ती त्यांनी गिळली आणि म्हणाल्या, “अगं, आत वरण-भात आहे!”

मागोमाग उतरलेले तात्या म्हणाले, “आसांदे गे. लग्नाचा जेवण.”

ड्रॅगनांत एकदा वर नेला की नेला. सोडचिठ्ठी नाही. कुकर टाकीखाली तिच्या छातीशी टेकून बसला, आणि दुपारी अडीच वाजता बंबाबाईने अंडं घातलं. नारळापेक्षा थोडं मोठं, रंग जुन्या तव्याचा, हात लावला की चटका. तात्यांनी नाही नाही म्हणता दोनदा हात लावून पाहिला.

चारला निरीक्षक विद्याधर गुप्ते आले. हातात फॉर्म, फॉर्मखाली कार्बन, कार्बनखाली आणखी एक फॉर्म. अंडं पाहून त्यांचा चेहरा पडला. खाली ट्रकवर ‘पर्वत’ असं खडूने आधीच लिहिलेलं होतं.

“अंडं आहे,” ते म्हणाले. “ठीक. पित्याचं नाव?”

तात्यांनी कुकरकडे बोट दाखवलं.

“हा कुकर आहे.”

“पाच लिटरचा,” रुक्मिणीकाकू म्हणाल्या. “साधा समजू नका.”

“बाई, नियम अकरा. पिता नसलेलं अंडं खात्याच्या मालकीचं. अंडं आणि मादी दोन्ही मी नेऊ शकतो.” त्यांनी पेनाचं टोपण काढलं. “आणि पिता हयात असावा लागतो. हा हयात आहे कशावरून?”

तात्यांचा हात बंबाबाईच्या मानेवर होता. तो तिथेच घट्ट झाला. आम्ही सगळे कुकरकडे बघायला लागलो. बंबाबाईने मात्र नवऱ्याला जरा जवळ ओढलं, कारण संध्याकाळचं वारं सुटलं होतं. छातीची धग लागली, आत वरण होतंच, आणि कुकरने शिट्टी दिली.

एक.

गुप्ते टाकीमागे. तिथून आवाज आला, “काय म्हणाला तो?”

“‘कोण आहे?’ म्हणून विचारतोय,” मी सांगितलं. “तुम्हाला ओळखत नाही ना.”

कुकरने दुसरी दिली.

“‘मी आहे’ म्हणतो. आता हयातीचं आणखी काय पाहिजे, साहेब?”

गुप्ते बाहेर आले, टाय नीट केला आणि लिहिलं, ‘पिता बोलतो.’ मग बराच विचार करून पुढे, ‘तथापि हयातीचा दाखला जोडलेला नाही.’ आणि म्हणाले, “सक्षम अधिकाऱ्याचा दाखला आणा. नाहीतर उद्या ट्रक परत आणतो.”

“कुकरला हयातीचा दाखला कोण देणार?” मी म्हणालो.

“कुणीच नाही,” ते म्हणाले आणि पहिल्यांदाच हसले.

शकुताईंनी मला बाजूला घेतलं. “माणिक, मशीनवर कागद चढव. आजच अर्ज टाइप कर, मी उद्या सकाळी आवक शिक्का मारून घेते.”

“पण ताई, मंजूर कोण करणार?”

“अरे, मंजूर व्हायला कुणी अर्ज करतं का? बावीस नंबरचा नियम वाच. अर्ज विचाराधीन असेपर्यंत जनावर जागचं हलवायचं नाही. हो म्हणायची कुणाची हिंमत नाही, आणि नाही म्हणायचं तर कारण लिहावं लागतं. ‘कुकर मेलेला आहे’ असं लिहून खाली कोण सही करेल?”

तात्यांनी ते ऐकलं. त्यांनी स्टूल ओढलं, बंबाबाईशेजारी बसले आणि तिला दिवसभराची सगळी हकिकत पहिल्यापासून सांगायला लागले. ती योग्य ठिकाणी धूर सोडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिक्का बसला. ट्रक परत आला तेव्हा शकुताईंनी गुप्त्यांना पोच दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि निघून गेले. ट्रक तेवढा आमच्या गल्लीत वळता वळेना म्हणून तासभर अडकला, आणि खडूने लिहिलेला पर्वत मागे-पुढे होत राहिला. या गोष्टीला दोन वर्षं झाली. अर्ज अजून तिथेच आहे. त्याची नक्कल खाली देतो.

*

प्रति,
मा. सक्षम अधिकारी,
अग्निप्राणी खाते, पूर्व उपनगरे.

विषय : प्रेशर कुकर (पाच लिटर) हयात असल्याचा दाखला मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सागरदर्शन सोसायटी, भटवाडी, घाटकोपर येथे वास्तव्यास असलेला प्रेशर कुकर हा मादी क्र. ४१२ हिचा विवाहित पती व एका अंड्याचा पिता असून, त्याची प्रकृती उत्तम आहे. मादी त्यास क्षणभरही सोडत नसल्याने तो दाखल्यासाठी आपल्या कार्यालयात समक्ष हजर राहू शकत नाही.

तरी आपण दरवर्षी नोव्हेंबर महिन्यात सकाळी ठीक अकरा वाजता आमच्या गच्चीवर जातीने उपस्थित राहून, त्याची शिट्टी ऐकून, तिचे उत्तर त्याच भाषेत देऊन (कृपया दोनच, चार देऊ नयेत, तो विवाहित आहे) दाखल्यावर सही करावी. तसेच अंडे उबेपर्यंत, म्हणजे अंदाजे चाळीस वर्षे, श्रीमती रुक्मिणी, खोली क्र. ९, यांस बदली कुकर खात्यामार्फत पुरविण्यात यावा, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
माणिक
सेक्रेटरी

सोबत : शिट्टी (ऐकून परत करणे).